स्नानार्थी कोणाला म्हणावे? सर्फर, मैलापाणी आणि ब्रिटनचा समुद्र

ज्या लक्झेंबर्गला समुद्रकिनाराच नाही, त्या देशाने एकेकाळी ब्रिटनपेक्षा अधिक ‘स्नानस्थळे’ जाहीर केली होती. हा विनोद वाटेल, पण ही १९७९ सालची सरकारी आकडेवारी आहे.

त्याचे असे झाले. १९७६ मध्ये युरोपीय समुदायाने स्नानाच्या पाण्याविषयी एक निर्देश काढला. जिथे परंपरेने ‘मोठ्या संख्येने’ लोक पोहतात, तिथले पाणी ठरावीक मानकांइतके स्वच्छ असले पाहिजे, असा त्याचा आशय. मोठी संख्या म्हणजे नेमकी किती, हे मात्र त्यात नव्हते. ब्रिटनने ही फट अचूक हेरली. मैलामागे दीड हजारांहून अधिक स्नानार्थी असतील तरच किनारा निःसंशय पात्र, असा हिशेब मांडला गेला आणि साऱ्या देशातून अवघे २७ किनारे यादीत आले. सुटीसाठी लाखो लोक ज्या ब्लॅकपूलला लोटत, तेसुद्धा त्यात नव्हते! यादीत नाव नाही, म्हणजे मानके पाळण्याचे बंधन नाही.

यामागे निव्वळ कंजूषपणा होता असे म्हणता येत नाही. पाणी डोळ्यांना किळस यावी इतके घाण नसेल, तर पोहणाऱ्याला धोका नगण्य, असा निर्वाळा तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५९ मध्येच दिला होता. त्याच्या दोनच वर्षे आधी टोनी आणि डॅफ्नी वेकफील्ड यांची सहा वर्षांची मुलगी दूषित समुद्रात पोहल्यानंतर पोलिओने दगावली होती. या दांपत्याने पुढे स्वच्छ किनाऱ्यांची यादी छापून चळवळ उभी केली. शासनाचा विश्वास मात्र नळ, लाटा आणि सूर्यप्रकाश यांच्यावरच राहिला.

दरम्यान एका वस्त्राने परिस्थिती पालटली. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात निओप्रीन रबराचा वेटसूट आला. तो कॉर्नवॉलला पोहोचला, तेव्हा अटलांटिकच्या गारठ्यात जानेवारीतही तासन्‌तास पाण्यात राहणे तिथल्या तरुणांना शक्य झाले. इंग्लंड आणि वेल्समधला अधिकृत स्नानहंगाम होता १५ मे ते ३० सप्टेंबर. मोठ्या लाटा येतात त्या शरदात आणि हिवाळ्यात. शिवाय सर्फर नुसती डुबकी मारत नाही. लाट फुटण्याआधी तिच्याखाली डोके खुपसून तो पलीकडे जातो. नाका-तोंडात, कानांत पाणी जातेच. म्हणजे सर्वाधिक मैलापाणी गिळणारा माणूस सरकारच्या मोजणीत जवळजवळ नव्हताच.

कान, घसा आणि पोटाच्या दुखण्यांना कंटाळून १९९० मध्ये सेंट ॲग्नेस, पोर्थटोवन आणि चॅपल पोर्थ इथले सर्फर एकत्र आले. सेंट ॲग्नेसच्या गावसभागृहात सभा झाली आणि ‘सर्फर्स अगेन्स्ट स्युएज’ ही संघटना जन्मली. ही मंडळी पर्यावरणवादी म्हणून पाण्यात उतरली नव्हती. त्यांना लाटा हव्या होत्या, आणि त्या लाटांतून शौचालयातला ऐवज अंगावर येत होता. पत्रके वाचून जे कळायला वर्षे लागली असती, ते त्यांना एका सकाळीत कळत होते. त्यांनी निषेधही खेळाच्याच वेशात केला : अंगात वेटसूट, तोंडावर गॅस मास्क, काखेत सर्फबोर्ड आणि सोबत हवा भरून फुगवलेली विष्ठेची अजस्र प्रतिकृती. अशा दृश्याकडे पाठ फिरवणे वृत्तपत्रांना अवघडच होते.

तरीही सारे श्रेय सर्फरांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. १९९१ च्या युरोपीय निर्देशाने शहरी सांडपाण्यावर प्रक्रिया सक्तीची केली. १९९३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्लॅकपूल आणि साउथपोर्टच्या पाण्यावरून ब्रिटनला दोषी ठरवले. बिल कोणी भरले, हाही प्रश्न आहेच. १९८९ मध्ये पाणीपुरवठ्याचे खासगीकरण झाले होते. देशाच्या सुमारे ३ टक्के लोकसंख्येने सुमारे ३० टक्के किनाऱ्याच्या सफाईचा भार उचलावा, अशी तक्रार नैर्ऋत्य इंग्लंडमधले ग्राहक पुढे कैक वर्षे करत राहिले. सर्फरांनी केले ते असे, की आकड्यांच्या या वादात आजारी पडणारे एक शरीर आणून उभे केले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या शासनांनी स्नानजलाच्या नियमांतील सुधारणांवर मते मागवली. पोहण्याखेरीज इतर जलक्रीडा करणाऱ्यांनाही ‘स्नानार्थी’ धरावे का, हा त्यातला एक मुद्दा होता. सेंट ॲग्नेसच्या सभेला तेव्हा ३४ वर्षे लोटली होती.