न्यूयॉर्क बार परीक्षेतील दीर्घोत्तरी प्रश्न

अमेरिकेत वकिलीचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. न्यूयॉर्कने त्यासाठी जुलै २०१६ पासून 'युनिफॉर्म बार परीक्षा' स्वीकारली. तेथे एलएल.एम. करणारे भारतीय पदवीधरही या परीक्षेला बसतात. २०० वस्तुनिष्ठ प्रश्नांना ५० टक्के, दोन प्रात्यक्षिक लेखनांना २० टक्के आणि सहा दीर्घोत्तरी प्रश्नांना ३० टक्के भार असतो. उत्तीर्ण होण्यास ४०० पैकी २६६ गुण लागतात. भारतातील अखिल भारतीय बार परीक्षा केवळ वस्तुनिष्ठ असल्याने येथील उमेदवाराची खरी कसोटी या सहा उत्तरांत लागते. प्रत्येकास अर्धा तास मिळतो.

प्रश्न म्हणजे एका कल्पित वादाची हकिकत. उत्तराचा रूढ साचा मुद्दा, नियम, उपयोजन व निष्कर्ष असा आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'आयरॅक' म्हणतात. साचा पाठ करणे सोपे. उमेदवार घसरतात ते उपयोजनात.

समजा, एका यंत्रविक्रेत्याने सही केलेल्या पत्रात 'हा प्रस्ताव शुक्रवारपर्यंत खुला राहील' असे लिहिले आणि बुधवारीच माघार घेतली. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ५ डोक्यात असलेला उमेदवार 'स्वीकृतीपूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो' असे लिहून मोकळा होतो. अमेरिकी कॉमन लॉचा सामान्य नियमही तोच आहे. परंतु वस्तूंच्या विक्रीस युनिफॉर्म कमर्शियल कोड लागू होतो. त्याच्या कलम २-२०५ नुसार व्यापाऱ्याने सहीनिशी लेखी दिलेली अशी हमी मोबदल्याविनाही, कमाल तीन महिने, बंधनकारक ठरते. यंत्र ही 'वस्तू' का, विक्रेता 'व्यापारी' का, पत्रातील शब्दांत हमी आहे का, हे हकिकतीतील तपशिलांशी जोडून दाखवावे लागते. नुसत्या अचूक निष्कर्षाने फारसे काही हाती लागत नाही.

म्हणून हकिकतीआधी शेवटचा प्रश्न वाचावा आणि सुरुवातीची काही मिनिटे केवळ टिपणास द्यावीत. खटल्यांची नावे आठवत बसण्याची गरज नाही. नियम स्वतःच्या शब्दांत, पण नेमका हवा. पाच उत्तरे उत्तम आणि सहावे कोरे, हा सौदा मात्र महागात पडतो.

न्यूयॉर्कच्या परीक्षा मंडळाने प्रसिद्ध केलेले जुने प्रश्न व उमेदवारांची निवडक उत्तरे सरावास सर्वांत उपयुक्त ठरतात. जुलै २०२८ पासून हे राज्य 'नेक्स्टजेन' ही नवी परीक्षा घेणार असून, तीत सध्याच्या स्वरूपातील दीर्घोत्तरी प्रश्न नसतील.