सामान्य वाचक कोण?

अब्रुनुकसानीच्या खटल्यात लेखाचा अर्थ लेखकाच्या मनावरून नव्हे, सामान्य वाचकाच्या नजरेने ठरतो. मथळा मजकुरापासून तोडून वाचू नये, असे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९५ मध्ये चार्ल्स्टन खटल्यात सांगितले. रास्तच आहे. पण माझा सवाल वेगळा आहे: या सामान्य वाचकाची जात कोणती?

१८६० च्या दंड संहितेच्या कलम ४९९ नुसार, इतरांच्या नजरेत जातीच्या बाबतीत पत घसरवणे हीही बदनामीच. म्हणजे सवर्णाला ‘महार’ म्हटले, की अब्रू गेल्याचा दावा करता येतो. मग तेच नाव जन्मभर वागवणाऱ्यांच्या अब्रूचे काय? २०२४ मध्ये कलम ३५६ आले. जातीचे शब्द तसेच राहिले.

संपूर्ण मजकूर वाचणाऱ्या न्यायालयांनी कायद्यातला हा मजकूरही वाचावा.