मध्य प्रांतातील गांजा-नियंत्रण आणि आजचा धोरणविषयक वाद

अमली पदार्थांच्या सेवनाला फौजदारी गुन्हा मानावे की नाही, हा वाद पाश्चात्त्य देशांकडून आपल्याकडे आला, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तथापि या वादातील मूळ प्रश्न भारतात शतकापूर्वीच विचारला गेला होता, आणि त्याचा एक धागा थेट रायपूरशी जोडलेला आहे.

२ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये डब्ल्यू. एस. केन यांनी बंगालमधील गांजाविषयी प्रश्न उपस्थित केला. त्यातून त्याच वर्षी नेमला गेलेला ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ हा आयोग पुढे सर्व प्रांतांची चौकशी करू लागला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सदस्यांपैकी ए. एच. एल. फ्रेझर हे छत्तीसगड विभागाचे आयुक्त होते आणि त्या विभागाचे मुख्यालय रायपूर होते. आज औद्योगिक वसाहतींनी वेढलेले बीरगांव याच रायपूरच्या परिसरात येते.

मध्य प्रांतात गांजाची लागवड निमाड जिल्ह्यातील खंडवा भागापुरती मर्यादित होती. माल सरकारी कोठारात जमा होई व परवानाधारकांमार्फत विकला जाई. अर्थात, येथे बंदी नव्हती, तर कर आणि परवाना यांवर आधारलेले नियंत्रण होते.

आयोगाने १,१९३ साक्षी नोंदविल्या. त्याच्या कार्याचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पुराव्याची तपासणी होय. गांजामुळे वेड लागते, हे मत मुख्यतः वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींवर उभे होते. मूळ कागद पाहता, वेडाचे कारण दर्शविणारा रकाना बहुधा पोलीस वा दंडाधिकाऱ्यांच्या ऐकीव माहितीवरून भरला जात असल्याचे उघड झाले. १८९४ च्या अहवालात आयोगाने असा निष्कर्ष काढला की मर्यादित सेवनाचे दुष्परिणाम नगण्य असून अतिसेवन मात्र घातक आहे. सरसकट बंदी अनावश्यक आहे, आणि ती लादल्यास लोक अधिक घातक मादक द्रव्यांकडे वळण्याचा धोका आहे.

या निष्कर्षाला भारतीय परंपरेचा विजय मानणे मात्र उचित नव्हे. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनीच भिन्नमतपत्रिका जोडल्या होत्या. शिवाय, शासनाची दृष्टी महसूल आणि शांतता यांवर होती. सेवन करणाऱ्याचे आरोग्य व हक्क हा तिचा केंद्रबिंदू नव्हता.

विसाव्या शतकात दिशा पालटली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर १९८५ साली भारतात अमली पदार्थविरोधी कायदा आला. गांजाच्या व्याख्येतून पाने वगळली गेल्याने भांग त्याच्या कक्षेबाहेर राहिली. झाडाच्या शेंड्यांपासून होणारा गांजा मात्र गुन्ह्याचा विषय झाला. आज एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ ठरतो, तरीही तो बाळगल्यास एक वर्षापर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतल्यास खटल्यातून सूट देणारे कलम ६४-अ याच कायद्यात आहे. शिक्षा आणि उपचार या दोन्ही भूमिका अशा प्रकारे एकाच कायद्यात वावरतात.

पोर्तुगालने २००१ मध्ये वैयक्तिक वापरापुरता साठा हा फौजदारी गुन्हा न मानता त्याचा निवाडा स्वतंत्र समित्यांकडे सोपविला. विक्री व तस्करी मात्र तेथेही गुन्हाच राहिली. कॅनडाने २०१८ मध्ये त्यापुढे जाऊन नियंत्रित विक्रीस मान्यता दिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कठोर अनुसूचीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले. भारताचे मत वगळण्याच्या बाजूने पडले.

बंदी की मोकळीक, एवढ्यावर हा वाद संपत नाही. बीरगांवसारख्या श्रमिक वस्तीत चिलमीपुरता गांजा बाळगणाऱ्या मजुराला तुरुंगात पाठविल्यास बुडतो तो त्याच्या घरचा रोज. ही किंमत मोजण्यापूर्वी हानीचा पुरावा तपासलेला आहे की रकाना भरण्यासाठी गृहीत धरलेला, हे पाहणे शासनाचे कर्तव्य ठरते. १८९४ च्या अहवालाचे आजचे महत्त्व त्याच्या निष्कर्षांपेक्षा या पद्धतीत अधिक आहे.