पवनीचा पाच फण्यांचा नाग

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेच्या काठावरचे प्राचीन नगर. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीखालचा बौद्ध स्तूप उजेडात आला. इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकातल्या तेथील एका शिल्पात रिकामे आसन आहे आणि त्यावर पाच फण्यांच्या नागाचे छत्र आहे. ब्राह्मी अक्षरांत त्याचे नावही कोरले आहे. हा मुचलिंद, बोधिप्राप्तीनंतर सात दिवसांच्या पावसात बुद्धांवर फणा धरणारा नागराज. बुद्धांची मानवी मूर्ती त्या काळी घडवत नसत, म्हणून आसन रिकामे.

पाच फण्यांचा नाग निसर्गात नाही, तरी तो पटतो; कारण त्याचा आधार खऱ्या नागात आहे. धानाच्या बांध्यांत उंदरांमागे येणारा नाग या भागात कुणाला नवा नाही. फणा हा त्याचा वेगळा अवयव नव्हे. मानेतल्या लांब बरगड्या तो बाजूंना पसरतो, त्यावर कातडी ताणली जाते आणि लहानशा डोक्यामागे रुंद फणा उभा राहतो. फण्यावरचा दहाच्या आकड्यासारखा ठसा पाठीकडे असतो. समोरून दिसतात ते पोटाचे आडवे, रुंद खवले. शरीराचा पुढचा भाग उचलताना मागच्या भागाचा तो भक्कम आधार घेतो. ही ठेवण सांभाळली की कल्पनेला फक्त फण्यांची संख्या वाढवायची उरते. अवघड असतो तो सांधा. पाच माना एका कण्याला जोडणे शरीरशास्त्रात बसत नाही. त्यामुळे भारतीय नागशिल्पांत फणे एकमेकांना लगटून कोरतात आणि जोड नजरेत येत नाही. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेरील नागराज तर माणसाच्या रूपात बसला आहे. फणे त्याच्या मस्तकामागे आहेत.

हाच प्रश्न रामटेकच्या वाकाटककालीन नरसिंहापुढेही होता. तिथे सिंहाचे मस्तक माणसाच्या धडावर बसवायचे होते. अशा मूर्तीत आयाळ फार मोलाची, कारण मान आणि खांदा जिथे मिळतात ती जागा ती झाकते. रामटेकचाच वराह मात्र पूर्ण पशुरूपात आहे, त्याला असा सांधाच नाही.

पुढे चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी हत्तीवर मात करणारा सिंह राजचिन्ह म्हणून घेतला. चंद्रपूरच्या कोटाच्या दरवाजांवर तो आजही दिसतो. तिथे अवयव ओळखीचेच आहेत, प्रमाण तेवढे उलटले आहे: सिंह अवाढव्य, हत्ती त्याच्यापुढे लहान.