तळटीप : पिवळा ईट्रेक्स
जिओकॅशिंग, म्हणजे अक्षांश-रेखांशांवरून कोणीतरी दडवलेली डबी शोधण्याचा खेळ, मे २००० मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सुरू झाला. नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी त्रुटी अमेरिकेच्या सरकारने नुकतीच थांबवली होती. गार्मिन कंपनीच्या पिवळ्या ईट्रेक्स या सुरुवातीच्या हातयंत्रात नकाशा नव्हता आणि चुंबकीय होकायंत्रही नसल्यामुळे पडद्यावरील दिशादर्शक बाण माणूस चालत असेपर्यंतच भरवशाचा असे, थांबताच भरकटे. म्हणून शेवटच्या काही मीटरांत यंत्र खिशात घालून डोळ्यांनी शोधणेच श्रेयस्कर. स्थाननोंद अंश व दशांश मिनिटांत, बटणांनी एकेक अंक निवडून भरावी लागे. अक्षांशाच्या मिनिटातील तिसऱ्या दशांश स्थळी एका अंकाची चूक झाल्यास सुमारे १.८५ मीटरांचा, पहिल्या स्थळी झाल्यास मात्र सुमारे १८५ मीटरांचा फरक पडतो.