जॅकेटची गोळी आणि नळीचा व्यास

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत प्रणोदके तयार होतात, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावला रायफलची काडतुसे. काडतुसाच्या नावातला आकडा मात्र फसवा. ७.६२ मि.मी. हे नळीतील उंचवट्यांमधले अंतर; गोळी खाचांत घट्ट बसावी म्हणून तिचा व्यास सुमारे ७.८२ मि.मी. असतो. ‘थ्री नॉट थ्री’ची गोळी त्याहून जाड, सुमारे ७.९ मि.मी. अशी गोळी ७.६२च्या नळीतून डागल्यास दाब वाढतो; म्हणून परदेशातील काही हौशी नेमबाज घरी काडतुसे भरताना ती साच्यातून दाबून बारीक करतात. घोटाळा तेथेच होतो. साच्यातून सुटताच तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण किंचित फुगते, शिशाचा गाभा मात्र दबलेलाच राहतो. दोहोंची पकड सुटली की नेम बिघडतो. भारतात परवान्याविना काडतूस बनविणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.