गुलाब चक्रीवादळाचे अवशेष आणि मराठवाड्यातील अतिवृष्टी (२०२१)

सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस बंगालच्या उपसागरातील 'गुलाब' या चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागात झालेली अतिवृष्टी आणि त्यानंतर आलेले पूर हा या लेखाचा विषय आहे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना, बीड, लातूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), परभणी, नांदेड आणि हिंगोली हे आठही जिल्हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. तरीही २७ व २८ सप्टेंबर रोजी येथे जी हानी झाली, तिचे मूळ आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर विरू लागलेल्या वादळात होते.

वादळाचा प्रवास

२४ सप्टेंबर रोजी बंगालच्या उपसागरात तीव्र कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले. दुसऱ्या दिवशी त्याचे चक्रीवादळात रूपांतर होऊन त्यास पाकिस्तानने सुचविलेले 'गुलाब' हे नाव मिळाले. २६ सप्टेंबरच्या सायंकाळी हे वादळ आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्यात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकले. जमिनीवर येताच त्याचा जोर ओसरू लागला. २७ तारखेला ते तेलंगणाकडे सरकले आणि २८ तारखेला पश्चिम विदर्भ व लगतच्या मराठवाड्यावर केवळ कमी दाबाचे ठळक क्षेत्र म्हणून उरले. २९ रोजी हे अवशेष दक्षिण गुजरात व खंबातच्या आखातावर पोहोचले. अरबी समुद्राच्या उबदार पाण्यावर त्यांना पुन्हा बळ मिळाले. १ ऑक्टोबर रोजी त्यांतून 'शाहीन' हे नवे चक्रीवादळ जन्मले. हे नाव कतारने सुचविले होते. ३ ऑक्टोबर रोजी शाहीन ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. एकाच प्रणालीने संपूर्ण द्वीपकल्प ओलांडून दोन समुद्रांत दोन नावे धारण करावीत, ही घटना दुर्मीळ मानली जाते.

'क्षीण' झालेल्या वादळाचा पाऊस

भारतीय हवामान विभाग वादळाची श्रेणी वाऱ्याच्या वेगावरून ठरवतो. वेग ताशी ३१ ते ४९ किमी असल्यास तीव्र कमी दाबाचे क्षेत्र, ५० ते ६१ किमी असल्यास अतितीव्र कमी दाबाचे क्षेत्र आणि ६२ किमी वा त्याहून अधिक असल्यास चक्रीवादळ, अशी ही उतरंड आहे. तीत पावसाला स्थान नाही. त्यामुळे 'वादळ क्षीण झाले' या बातमीचा अर्थ वारा मंदावला एवढाच असतो. वादळासोबत आलेले बाष्प कमी झाले, असा तो होत नाही. अंतर्भागातील लोकांनी ही बातमी ऐकून निर्धास्त व्हावे, हे स्वाभाविक असले तरी धोक्याचे आहे.

मराठवाड्याला अशा अवशेषांचा फटका का बसतो, याचे उत्तर त्यांच्या रचनेत सापडते. पावसाळ्यात पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा सर्वांत जोरदार पाऊस सहसा केंद्राच्या नैर्ऋत्येस पडतो. केंद्र तेलंगण–विदर्भावर असताना ही नैर्ऋत्य बाजू नेमकी मराठवाड्यावर येते. अरबी समुद्राकडून येणारे बाष्पयुक्त वारेही त्याच बाजूने आत ओढले जातात. विभागाची जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची सरासरी सुमारे ६७० ते ६८० मिमी आहे. अशा प्रदेशात एका दिवसात शंभर मिमी पाऊस झाला, तर संपूर्ण हंगामाच्या सातव्या हिश्श्याइतके पाणी एकाच दिवशी पडते.

पूर आणि हानी

२०२१ चा पावसाळा मराठवाड्यात आधीच जोराचा होता. ३१ ऑगस्ट रोजी कन्नड घाटात दरडी कोसळून औरंगाबाद–चाळीसगाव वाहतूक बंद पडली होती. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातही अनेक तालुक्यांत अतिवृष्टी झाली. सप्टेंबरअखेर धरणे भरत आली होती आणि काळी जमीन पाण्याने तुडुंब झाली होती. चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेली ही माती फुगली की पाणी मुरणे जवळजवळ थांबते. गुलाबच्या अवशेषांचा पाऊस मोठा होताच. पण या पूर्वस्थितीमुळे तो पुराचा पाऊस ठरला.

बीड जिल्ह्यातील मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे २८ सप्टेंबर रोजी उघडण्यात आले. त्यामुळे धरणाखालच्या लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील मांजराकाठची गावे वेढली गेली. अडकलेल्या लोकांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटींनी आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. २९ सप्टेंबर रोजी पैठण येथील जायकवाडी धरणातूनही गोदावरीत विसर्ग सुरू झाला. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ, पुलावरून पाणी वाहत असताना एसटीची बस वाहून जाऊन जीवितहानी झाली. राज्यात या दोन दिवसांत दहाहून अधिक जण मृत्युमुखी पडले आणि मोठ्या संख्येने जनावरे दगावली.

शेतीचे नुकसान पावसाच्या तारखेमुळे अधिक झाले. सप्टेंबरचा अखेरचा आठवडा म्हणजे सोयाबीन काढणीला आलेले आणि कापसाची बोंडे फुटू लागलेली. उभ्या सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले, तर काढून ठेवलेल्या सुड्या पाण्यात गेल्या. जुलैमध्ये पीक गेल्यास दुबार पेरणीचा मार्ग तरी असतो. सप्टेंबरअखेरीस तोही उरत नाही. नदीकाठी जमीनच खरडून गेली. हे नुकसान एका हंगामात भरून येत नाही.

भरपाई आणि ६५ मिमीची अट

हवामान विभागाच्या वर्गीकरणात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी हा जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिमी अतिजोरदार आणि त्यापुढचा अत्यंत जोरदार पाऊस होय. महसूल प्रशासन मात्र महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून अधिक पाऊस झाल्यास 'अतिवृष्टी' मानते, आणि मदतीची चर्चा याच आकड्याभोवती फिरते. एका मंडळात अनेक गावे असतात, पण पाऊस एकाच ठिकाणच्या पर्जन्यमापकावर मोजला जातो. कमी दाबाच्या क्षेत्रातील पाऊस पट्ट्यापट्ट्याने पडत असल्याने मापकावर ६० मिमी आणि चार किलोमीटरवरच्या शिवारात त्याच्या दुप्पट, असे होऊ शकते. अशा शेतकऱ्याची भिस्त मग पंचनाम्यावर राहते.

१३ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्य सरकारने १०,००० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. जिरायतीसाठी हेक्टरी १०,०००, बागायतीसाठी १५,००० आणि बहुवार्षिक पिकांसाठी २५,००० रुपये असे दर होते. मर्यादा दोन हेक्टरची होती. ही मदत केवळ गुलाबपुरती नव्हती. जून ते ऑक्टोबर या काळात राज्यभर झालेले पिकांचे नुकसान तीत धरले होते.

शेंद्रा परिसर

शेंद्रा हे गाव छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेस, जालना मार्गावर आहे. मांगीरबाबांच्या यात्रेसाठी ते पूर्वीपासून परिचित आहे. येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून, दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेअंतर्गत उभारलेल्या 'ऑरिक' या औद्योगिक नगरीचा शेंद्रा हा एक भाग आहे. दुसरा बिडकीन येथे आहे. हवामान विभागाची चिकलठाणा येथील वेधशाळा याच मार्गावर शहराच्या बाजूला आहे.

मोठ्या नदीच्या काठावर नसल्याने शेंद्र्याला पैठण किंवा मांजराकाठासारख्या धरणाच्या विसर्गाची भीती नाही. येथील धोका ओढ्या-नाल्यांचा आहे. ऑरिकच्या शेंद्रा भागाचे क्षेत्र सुमारे ८ चौरस किमी आहे. त्यावर ६५ मिमी पाऊस पडला, तर सुमारे ५.२ लाख घनमीटर पाणी जमा होते. शेत असताना यातील काही पाणी मुरत होते आणि उरलेले बांधांवर अडत सावकाश ओढ्यात जात होते. छपरे, काँक्रीटचे रस्ते आणि वाहनतळ यांवरून तेच पाणी काही मिनिटांत गटारांत उतरते. वसाहतीतील गटारे मोठी असली, तरी पाणी शेवटी खालच्या अंगाच्या जुन्या नाल्यांतच जाते. त्या नाल्यांवरचे फरशी पूल आणि नळकांडी पूल बैलगाडीच्या काळातील पाण्याच्या अंदाजाने बांधलेले असतात. पाळी संपवून रात्री दुचाकीने गावी परतणाऱ्या कामगारांना मोठा धोका अशा बुडालेल्या पुलांवरच असतो. साधारण दोन फूट खोलीचे वाहते पाणी मोटारसुद्धा वाहून नेऊ शकते.

नंतरच्या घटना

२०२५ च्या सप्टेंबरअखेरीस याच प्रकाराची पुनरावृत्ती झाली. २७ सप्टेंबर रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र चक्रीवादळाच्या श्रेणीपर्यंत कधी पोहोचलेच नव्हते, म्हणून त्याला नावही मिळाले नाही. ते पश्चिमेकडे सरकत असताना मराठवाड्यात पुन्हा अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग करावा लागला आणि पैठणमधील नदीकाठच्या वस्त्या रिकाम्या करण्यात आल्या.